पेशंट हलतोय

निरुपमाच्या आईला जाऊन तीन आठवडे झाले, तरी तिचा एमआरआय संपला नव्हता.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यासाठीच दोघी रिक्षाने मिरजेच्या एका हॉस्पिटलात गेल्या होत्या. साधाच दिवस होता. आईच्या मूत्रपिंडांना नेहमीचं औषध झेपणारं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी लोखंडाच्या कणांचं, कोऱ्या चहासारखं तपकिरी औषध शिरेतून दिलं. कण इतके सूक्ष्म, की मेंदूतल्या केसाहून बारीक वाहिन्याही त्यांनी चित्रात उजळतात. मग यकृत त्यांना सावकाश उचलून नेतं.

"अंगात लोखंड घालायचं आणि लोहचुंबकात झोपवायचं," आई म्हणाली. "शहाणीच आहेत माणसं!" येताना तिने रिक्षा थांबवून पावशेर तोंडली घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. देहाला अग्नी दिला. रक्तवाहिन्या मात्र मशीनमध्येच राहिल्या होत्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. "तुमचा पेशंट अजून टेबलावर आहे. नातेवाइकांनी येऊन समजूत घालावी."

टेक्निशियन पिंजारी काचेशी बसून डबा खात होता. काचेपलीकडे टेबलावर, डोक्यापासून पायापर्यंत, नुसत्या वाहिन्या निजल्या होत्या. पांढऱ्या, पानं झडलेल्या झाडासारख्या.

"पेशंट बोलतो, मॅडम. बोलला की हलतो. हलला की आमचं पुन्हा पहिल्यापासून."

"ती गेली आहे."

"गेली की. पण गेल्यावर तरी माणसानं स्वस्थ पडावं का नको?"

त्याने माइक पुढे केला. स्पीकरमधून आवाज आला, "निरू, तोंडली चिरलीस का?"

"चिरली."

"गोल का लांब?"

"आई, हलू नकोस."

"म्हणजे गोल चिरलीस."

पिंजारीसमोरच्या पडद्यावर आईच्या मानेतली मोठी वाहिनी थरथरली. पिंजारीने डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मग निरुपमा रोज अकराला जाऊ लागली. गॅस बंद केला का, दूध वर आलं का, जोशीणबाईंचं पातेलं परत दिलं का. जन्मभर दिलेली उत्तरं ती दात आवळून पुन्हा देत होती. शेवटी दरवेळी एकच प्रश्न यायचा.

"तुला माझा त्रास होतो का गं?"

"नाही गं. काहीतरीच काय!"

एवढं ऐकलं की आईच्या मेंदूतल्या अगदी बारीक वाहिन्यासुद्धा थरथरायला लागायच्या आणि सगळं चित्र फिसकटायचं.

काचेअलीकडची खोली रोज वीतभर अरुंद होत होती. आधी कपाट बाहेर काढलं, मग पिंजारीची खुर्ची. आता तो दारात उभा राहून बटण दाबायचा.

"चित्र पूर्ण झालं की काय होतं?" तिने एकदा विचारलं.

"कण यकृतात जातात. टेबल मोकळं."

"आणि आई?"

"टेबल मोकळं म्हणालो की, मॅडम."

त्रास होत नाही म्हटलं, की आई उद्याही इथेच असणार. निरुपमाने हिशेब मांडला नव्हता, तरी तिला ते पक्कं ठाऊक होतं. ती नाही म्हणत राहिली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडायची, आणि सकाळी पुन्हा रिक्षा.

आई गेल्याच्या एकविसाव्या दिवशी खोली तिच्या दोन्ही खांद्यांना टेकली. पडद्यावर आईची बोटं दिसेनाशी झाली होती.

"इथे फार गार आहे, निरू. हे लोक कधी सोडणार?"

"तू हलतेस म्हणून सोडत नाहीत."

"मी मुद्दाम हलते का? तू खोटं बोललीस की माझ्या अंगावर काटा येतो." आणि पुन्हा तेच, "तुला माझा त्रास होतो का गं?"

पिंजारीचं बोट बटणावर होतं. तो भिंतीकडे बघत होता.

"होतो," निरुपमा म्हणाली. "खूप होतो, आई. पहिल्यापासून होतो."

"तरीच," आई म्हणाली, आणि स्वस्थ पडली.

पिंजारीने बटण दाबलं. पडद्यावर एकही फांदी हलत नव्हती. कोपऱ्यात चार मिनिटांचे आकडे उलटे उतरू लागले.

"आता बोलू नका, मॅडम," तो कुजबुजला.

"आणि आता मला कुणाचा त्रास होणार?" निरुपमा माइकमध्ये म्हणाली.