दोरीपलीकडची खुर्ची

म्हातारा हट्टी. हट्टी म्हणजे किती, तर तरुणपणी ज्या सलूनच्या खुर्चीवरून त्याला फरफटत बाहेर काढलं, तिथंच बसून केस कापून घेईन, नाहीतर कुठल्याच सलूनची पायरी चढणार नाही, असं म्हणाला आणि जन्मभर तेच केलं. त्या काळी त्याच्या लोकांचे केस मागच्या दाराशी, उपड्या बादलीवर बसवून कापत. हा पठ्ठ्या सोबत्यांना घेऊन सरळ पुढच्या दारानं आत गेला होता. पुढे कायदा झाला, सगळी दारं सगळ्यांना उघडली. मालकानं काय करावं? दुकानच बंद केलं. यांचे केस कापण्यापेक्षा कुलूप बरं!

मग बायकोनं घरीच कात्री चालवली, वेडीवाकडी. ती गेल्यावर लेकीनं. लेक नर्स, इंजेक्शनला हात हलका. केसांच्या बाबतीत मात्र आईच्या वळणावर गेलेली.

यंदा जुन्या शहराची रंगरंगोटी झाली आणि त्या दुकानाचं संग्रहालय झालं. म्हाताऱ्याच्या पायांत आता त्राण उरलं नव्हतं. "एकदा बसव गं मला तिथं," एवढंच त्याचं टुमणं. केसांना हातही लावू देईना. शेवटी लेकीनं पर्समध्ये कात्री टाकली आणि त्याला धरून धरून नेलं. खुर्चीत बसवायचं, एक बट कापायची, बस्स.

दारातच पहारेकऱ्यानं कात्री काढून घेतली. "इथं कात्री कशाला, ताई?"

"सलूनमध्ये कशाला लागते?" लेक फणकारली.

आत खुर्ची होती. चामडं नवंकोरं, पितळ लखलखीत, भोवती लाल दोरी. भिंतीवर म्हाताऱ्याला ओढून नेतानाचा मोठा फोटो.

"हे माझे बाबा," लेक म्हणाली. "दोन मिनिटं बसू द्या."

संग्रहालयाच्या मॅडम धावत आल्या. म्हाताऱ्याचा हात हातात घेताना त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "केवढं भाग्य आमचं! पण खुर्चीत नाही हो बसता येणार. नियम सगळ्यांना सारखाच आहे. असं करू, दोरीच्या अलीकडे उभे राहा, छान फोटो काढू."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दोरीचा हूक काढला. "बसा बाबा. बघते कोण उठवतं ते!"

पहारेकरी फक्त म्हणाला, "नका, आजोबा."

आणि खुर्चीच्या दांड्याकडे हात नेलेला म्हातारा थांबला. लेकीनं दंड धरून ओढलं, तरी जागचा हलला नाही. दोरी त्यानंच परत अडकवली, फोटोला उभा राहिला, सांगितलं तसं हसलासुद्धा.

बाहेर येताच लेक रडायलाच लागली. "का नाही बसलात? मी होते ना!"

"तेव्हा मला उठवायला चार माणसं लागली होती, पोरी," तो म्हणाला. "मारलं, तरी खुर्चीचा दांडा सोडला नव्हता मी. आज त्या पोरानं नुसतं 'नका' म्हटलं. तेही किती गोड. आणि माझे हात आपोआप खाली आले."