बदकचाल

थोरलीचा खेळ जलद चालण्याचा. पळायचं नाही, चालायचं! एक पाय कायम जमिनीवर, आणि पुढचा पाय टेकला की गुडघा ताठ. त्यामुळे कंबर अशी काही हलते की बघणाऱ्याला हसू आवरत नाही. मैदानावर कोणी हसलं, तरी तोवर ती पुढे निघून गेलेली असायची. पण साथ आली, कॉलेजला कुलूप लागलं, आणि स्वयंपाकघर ते बाल्कनी हे बारा मीटरच तिचं मैदान झालं. सरांनी सांगितलं म्हणून ती रोज सरावाचा व्हिडिओ टाकू लागली, आणि हसणारे थेट घरात शिरले.

"बदक सुटलं रे!" "कंबरेला स्प्रिंग लावलीय का?" कोणीतरी त्यावर गाणं चिकटवलं आणि चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. थोरलीला सगळ्या कमेंट तोंडपाठ झाल्या. जेवताना फोन, दात घासताना फोन. शेवटी एक दिवस तिने बूट पलंगाखाली ढकलले.

"ताई, रविवारी ऑनलाइन शर्यत आहे," धाकटीने आठवण करून दिली.

"मी उतरत नाही. अकाउंटपण बंद करतेय."

"वा गं वा! गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत पंचांनी बाहेर काढलं, तर तीन दिवस भांडत होतीस. आणि आता या फुकट्या पंचांचं निमूट ऐकतेस?"

"तू गप बस, चोंबडे."

आई भाजी निवडत होती. "कर हो बंद. पण ते वाकडं चिन्ह काय असतं, तेवढं सांग. रोज कोणीतरी टाकतं. मला वाटलं, चुकून बोट लागत असेल."

थोरलीने फोन ओढला. हशाच्या ढिगाऱ्यात, नऊच्या नऊ व्हिडिओंखाली, एकच खूण: <. नाव नाही, फोटोच्या जागी जुना बूट.

शर्यतीत गुडघा वाकला की पंच पिवळी पाटी दाखवतात, आणि पाटीवर हीच, दुमडलेल्या गुडघ्यासारखी खूण असते. याच खुणेने तिला गेल्या वर्षी बाहेर काढलं होतं. चाळीस हजार माणसं तिची कंबर बघत होती, तेव्हा कोणीतरी एक जण गुडघा बघत होतं!

तिने व्हिडिओ हळू करून पाहिला. बाल्कनीपाशी वळताना डावा गुडघा वाकत होता. अगदी साफ.

"कोण आहेस?" तिने त्या खुणेखाली लिहिलं.

"लंबू. गेल्या वर्षी तू बाहेर गेलीस म्हणून पदक मला मिळालं. ते अजून पचलेलं नाही. यंदा तुला नीट हरवायचंय."

"मग तुझे व्हिडिओ कुठे आहेत?"

उत्तर आलं, "मला जिराफ म्हणायचे. सगळे पुसून टाकले. तू टाकतेस, ते बघून मी रोज बूट घालते."

थोरली पलंगाखाली शिरली आणि केसांत जळमटं, हातात बूट अशी बाहेर आली.

चार दिवस तिने फक्त ते वळण घोटलं. धाकटी जमिनीवर आडवी पडून गुडघ्यावर डोळा ठेवायची आणि वाकला की झाडू आपटायची. "परत! परत!" खालच्या मजल्यावरचे काका ओरडले, तेव्हा आईने वरूनच सांगितलं, "रविवारपर्यंत कळ काढा!"

रविवारी सकाळी पडद्यावर आठ चौकटींत आठ मुली, आणि खालच्या चौकटींत पाट्या घेऊन बसलेले पंच. एका चौकटीत लंबू! प्रत्येकीला बारा मीटरच्या अडीचशे खेपा घालायच्या होत्या. दोनशे चाळीसपर्यंत दोघी बरोबरीत. "दहा राहिल्या! ताई, गुडघा!" धाकटीचा घसा बसला. थोरलीने वळण घेतलं, पाय ताठ टेकला, कंबर मनसोक्त हलवली आणि लंबूच्या अर्धी खेप आधी शेवटची रेघ ओलांडली. एकाही पंचाने पाटी उचलली नाही.

आईने हातातल्या लाटण्यासकट तिला मिठी मारली.

थोरलीने शर्यतीचा व्हिडिओ स्वतःच टाकला आणि वर लिहिलं, "बदक जिंकलं!" पहिली कमेंट जुन्या बुटाची होती. नुसती एक ताठ उभी रेघ: |.

थोरली खदखदून हसली आणि उत्तर लिहिलं, "आता तुझा व्हिडिओ टाक, जिराफा. गुडघा मी बघते."