डिकीतले बाप्पा

पेणहून गणपतीची मूर्ती घेऊन रोह्याला येताना नागोठण्याजवळ टेम्पोने मागून ठोकलं आणि चेपलेली डिकी उघडेचना. विमा कंपनीचे सर्व्हेअर फोनवर म्हणाले, "मी बघेपर्यंत गाडीला हात लावायचा नाय. पाच दिवस रजेवर हाय, घरी गणपती हायत ना!"

वा! त्यांचे बाप्पा मखरात, आमचे डिकीत.

बायको म्हणाली, "क्लेम गेला खड्ड्यात, डिकी फोडा." पण मी पडलो नियमाचा माणूस. गाडीमागे रांगोळी काढली, चेपलेल्या बंपरला हार घातला, पाच दिवस डिकीला आरती ओवाळली.

स्वतःचे बाप्पा बोळवून सर्व्हेअरसाहेब सहाव्या दिवशी उगवले. त्यांच्यासमोर डिकी उघडली. साहेबांनी बूट काढले, मूर्तीला मनोभावे हात जोडले, मोदक खाल्ला आणि रिपोर्टात लिहिलं, "खासगी गाडीतून मालवाहतूक. क्लेम नामंजूर."