डाळमिलमधला सडा

अकोल्याच्या एमआयडीसीतली गोपालशेठची डाळमिल सुरू झाली की तुरीच्या टरफलांची पिवळी धूळ वर पत्र्यापर्यंत चढायची. बायका तिला धूळ म्हणतच नसत. ‘भुसा उडून राहिला’ म्हणायच्या आणि पदर नाकाला लावायच्या. घरी गेल्या तरी तो केसांतून, पदरातून झडायचा. सुटी झाली की शेठ एकेकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवी. गुळानं छाती साफ होते यावर सगळ्यांचा विश्वास होता, शेठचा तर जरा जास्तच, कारण गूळ पंख्यापेक्षा स्वस्त पडतो.

चाळणीवर संध्या काम करायची. ही जागा आधी तिच्या सासूची, इंदूबाईची. खोकल्यानं इंदूबाईला असं धरलं, की बसल्या जागी दम लागू लागला. मग बायकांनीच ठरवून तिला दाराशी हवेवर बसवलं आणि डाळीतले खडे वेचायचं काम दिलं. डॉक्टर म्हणाले होते, धूळ टाळा. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

शेठ वाईट नव्हता, फक्त खर्चाची गोष्ट त्याला उशिरा ऐकू यायची. संध्यानं चाळणीवर धूळ ओढून घेणारा पंखा मागितला, तेव्हा तो म्हणाला, आधी धूळ मोजून घेऊ. सरकारी मर्यादेच्या वर निघाली तर पंखा बसवतो, शब्द दिला.

मोजणारे साहेब अमरावतीहून येणार म्हणून बायका त्या दिवशी लवकर आल्या. पाहुणा येणार आणि जागा अशी? संध्यानंच पुढाकार घेतला. फरशीवर अंगणात घालतात तसा सडा घातला, कोपरे पुसून काढले. एरवी डाळमिलमध्ये पाण्याचा थेंब सांडू देत नाहीत, डाळीला ओल लागते. पण पाहुण्यापुढे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

साहेब म्हणजे अंकुर नावाचा नवखा पोरगा. सगळ्यात जास्त त्रास कोणाला आहे, असं त्यानं विचारलं. सगळ्यांनी इंदूबाईकडे बोट दाखवलं. त्यानं तिच्या कमरेला एक छोटा पंप बांधला आणि त्याच्या नळीचं तोंड तिच्या गळ्याजवळ अडकवलं. ती श्वास घेते तीच हवा यंत्र घेणार होतं. इंदूबाई दिवसभर दारातल्या वाऱ्यावर फोटोला बसावं तशी ताठ बसून राहिली.

अहवाल आला. धूळ मर्यादेच्या खूप खाली, आणि तीही साधीच, विषारी नव्हे. शेठनं वाचून दाखवलं आणि संध्याच्या ध्यानात आलं. कोणी फसवलं नव्हतं. तिच्याच हातांनी सडा घालून धूळ बसवली होती आणि सगळ्यांच्या मायेनं म्हातारीला हवेवर ठेवलं होतं.

ती शेठसमोर जाऊन उभी राहिली. “शेठ, त्या दिवशी आमी पानी मारलं होतं. अन् आईले दारात आमीच बसवलं. ते मोजनं खरं नाई.”

त्या दिवशीच्या ओलीनं खालच्या पोत्यांना बुरशी धरली होती आणि त्यावरून शेठनंच आरडाओरडा केला होता, म्हणजे पाणी मारलंच नाही असं म्हणायची सोय नव्हती. पुन्हा मोजायचं ठरलं. या वेळी यंत्र चाळणीवरच्या बाईच्या अंगावर.

तोवर बायकांत कुजबुज पसरली होती, की जिच्या अंगावर आकडा जास्त निघेल तिचं काम जाईल. कोणी पुढे होईना. संध्यानं हात पुढे केला, तेवढ्यात इंदूबाई दारातून उठून आली.

“तुह्यं काम गेलं तं घर कशावर चालन? माह्यं काय, मी आज हाओ, उद्या नाई.”

“आई, त्या भुशात तुमाले श्वास घेता येनार नाई.”

“जलमभर घेतला. एक दिवस अजून.”

संध्यानं तिला अडवायला हवं होतं. अडवलं नाही, कारण पंखा तिलाही हवा होता आणि कामही. दिवसभर ती सासूच्या शेजारी उभी राहून चाळणी हलवत राहिली आणि प्रत्येक खोकला तिच्या पाठीत बसत राहिला.

आकडा मर्यादेच्या पार वर निघाला. काम कोणाचंच गेलं नाही. शेठनं शब्द पाळला, चाळणीवर मोठा पंखा बसला. इंदूबाईनं तो कधी पाहिला नाही. त्या दिवसानंतर तिनं जे अंथरूण धरलं, ते धरलंच.

एका संध्याकाळी संध्या कामावरून आली आणि सासूच्या उशाशी बसली. इंदूबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, मग पदर चाचपला, आणि हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“आज कामाले नाई गेली काय वं?” तिनं काळजीनं विचारलं.

“गेली होती, आई,” संध्या म्हणाली. तिनं म्हातारीचा तो कोरा तळहात दोन्ही हातांत धरला आणि ती रडली.