खोटी ठरवलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हणा, अडगळ म्हणा, पण खोटी म्हणाल तर खबरदार! तो शिक्का माझ्यावर एकदा बसला होता, आणि माझ्यापायी एका पोरीवरही बसणार होता.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यातला. एका डोळ्यानं बघायची, तिपायी स्टँडवर बसवायची अशी मी. एकोणीसशे बहात्तर साली मुंबईच्या दुकानातून नागपुरात, महाल भागातल्या गोपाळरावांच्या घरी आले. त्यांची मुलगी चारुशीला रायफल क्लबात नेमबाजी शिकत होती. तिची गोळी लांबच्या कागदावर कुठं लागली ते दाखवायचं, हे माझं काम. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती आणि तिचा सारा जीव त्यात अडकला होता.

मी पोचले ती ऐन दसऱ्याच्या तोंडावर. रायफलीशेजारी पाटावर बसवून माझीही पूजा झाली. झेंडूचा हार, आपट्याची पानं, काय तो थाट! मी हरखून गेले.

नंतर मात्र माझे ग्रह फिरले. मैदानावर गोपाळराव माझ्यातून बघत आणि त्यांना सगळं धुरकट दिसे. तरी ते अंदाजानं "डावीकडं लागली" म्हणून सांगत. चारुशीला त्यावर विसंबून रायफलीची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवी आणि चांगला बसलेला नेम बिघडे. कागद हाती आला की छिद्रं चारी दिशांना.

गोपाळरावांचे थोरले भाऊ भैयाजी म्हणजे घरातला शेवटचा शब्द. ते म्हणाले, "पोरीचा नेमही गेला अन् दुर्बीणही खोटी निघाली. हिले वापस पाठवतो. अन् तू आता बंदूक ठेव वं बाजूले."

मला असा संताप आला! पण बोलली ती चारुशीला. "माहा नेम नाही गेला, मोठेबाबा. हिले काय झालं ते पाहिल्याबिगर मी पाठवू देणार नाही. उद्याचा दिवस द्या मले."

दुसऱ्या दिवशी ती मला गच्चीवर घेऊन गेली. दुपारच्या उन्हात हवाच थरथरते, म्हणून भल्या सकाळी. स्टँड हलू नये म्हणून खाली वीट टांगली. वडिलांच्या नजरेला लावलेली माझ्या मागच्या टोकाची कडी फिरवून स्वतःच्या नजरेला जुळवली. मोठं करून दाखवायची ताकद कमी केली. समोरच्या दुकानाची पाटी स्थिर झाली, पण धुरकटपणा जाईना. शेवटी तिनं मला उन्हाकडे तिरकं धरलं आणि माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. पुढच्या काचेवर तेलकट थर चमकत होता.

"आई, दसऱ्याले हिले कुंकू कुठं लावलं?" तिनं हाक मारून विचारलं.

"कुठं म्हंजे? समोर, कपाळाले," कुसुमताई म्हणाल्या. "तेलात कालवून लावलं, पडू नये म्हणून. मंग पदरानं पुसलंही."

अहो, ते माझं कपाळ नव्हे, डोळा आहे! पदरानं कुंकू गेलं, तेल मात्र काचभर पसरलं. चारुशीलानं आधी फुंकरीनं धूळ उडवली, मग मऊ मलमलीला थेंबभर स्पिरिट लावून हलक्या हातानं मला पुसलं. कित्येक दिवसांनी मला स्वच्छ दिसलं आणि मला रडूच आलं.

पुढच्या सकाळी भैयाजी मुद्दाम मैदानावर आले. चारुशीलानं गोळ्या मारल्या. त्यांनी डोळा माझ्यावर दाबून धरला आणि ते चिडले, "मले त काळंच दिसून राहिलं!"

"डोळा जराक मागं घ्या मोठेबाबा, चिकटवू नका."

त्यांनी घेतला. कागदाच्या मधल्या काळ्या वर्तुळात सगळी छिद्रं एकमेकांना खेटून बसली होती. भैयाजींनी एकेक छिद्र मोजलं. मग माझ्यावरचा डोळा न काढताच म्हणाले, "मार वं पोरी, अजून मार. कुठं लागली ते मी सांगतो."

चारुशीलाची निवड झाली, आणि तिच्याबरोबर मीही गावोगाव हिंडले. आता प्रतापनगरातल्या तिच्या घरी कपाटात असते. मित्रांनो, माझी कीव नको. हार नको, कुंकू तर नकोच. एक धुतलेली मलमल आणि थोडा धीर घेऊन या, मला पुसा आणि मग बघा. त्यानंतरही धुरकट दिसलं, तर खुशाल मला खोटी म्हणा!