जिंकलेली वर्षं

नणंदेच्या, कडूबाईच्या लग्नाची हळद दळायला रंगुबाईनं जात्याशेजारचं पोतं ओढलं, तर त्यामागे मेलेला उंदीर. कणगीखाली आणखी दोन. ते साल एकोणीसशे चव्वेचाळीस, प्लेगचं. कडूबाईची हळकुंडं सुपातच राहिली. तिसऱ्या दिवशी शेवगावजवळचं ते सगळं गाव घरांना कड्या लावून माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलं.

माळावर काम नव्हतं. दर आठवड्याला सरकारी बैलगाडी ज्वारी, डाळ, गूळ टाकून जाई. सगळ्यांना सारखंच. पोटं भरलेली, हात रिकामे. रंगुबाईचा नवरा आसाराम लहानपणापासून कवड्यांचा नादी. त्यानं लिंबाखाली घोंगडी पसरली, पण खेळात रंग भरेना. लावायचं काय? ज्वारी तर समोरच्याकडेही तेवढीच होती.

शाळेचे विष्णुपंत मास्तर शेजारीच बसत. एका सकाळी ते म्हणाले, "आणखी पाचशे वर्षांनी एक शहर असंच असेल. पेरणी यंत्रं करतील, भाकरी यंत्रं थापतील. ज्याला जे हवं ते दारात. कुणी गरीब नाही, कुणी धनी नाही. आणि सगळं शहर दिवसभर जुगार खेळेल."

"पैशावर?" म्हातारा सहादेव म्हणाला.

"पैशाला तिथे कोण विचारतो? सोनं राखेच्या भावात."

"मंग लावत्यात काय? बायका?"

माणसं हसली. मास्तर मात्र विचारात पडले. दुसऱ्या दिवशी ते उत्तर घेऊनच आले.

"वर्षं. स्वतःच्या आयुष्याची. तेवढीच यंत्राला करता येत नाहीत. हरणाऱ्याची वर्षं जिंकणाऱ्याला."

"ती घेऊन करत्यात काय?" पाण्याची घागर घेऊन चाललेल्या रंगुबाईनं थांबून विचारलं.

"खेळतात."

"आन् दुसरं?"

"दुसरं करायला तिथे काही उरलेलंच नाही."

"मंग ते शहर न्हाई गुर्जी, मसनवटा हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून खेळाला रंग चढला. पहिली दहा वर्षं सहादेवानं लावली. सहा कवड्या, ज्याच्या जास्त उताण्या पडतील तो जिंकला.

"घे आसाराम, म्हाताऱ्याची वर्षं. गुडघे दुखत्यात, तेबी संगं ने," असं म्हणून तो हसत उठला.

तिसऱ्या दिवशी सहादेवाच्या जांघेत गाठ आली आणि तो गेला. त्यानंतर मच्छिंद्र गेला. त्यानं वीस लावली होती. पाचव्या मयताला लोकांच्या लक्षात आलं की आसारामपाशी न हरलेला अजून कुणी गेला नव्हता. मग लिंबाखाली कुणी येईना. बाया पाण्याला जाताना त्याच्या झोपडीला वळसा घालू लागल्या.

"मानसं गाठीनं मरत्यात, माझ्या कवड्यांनी न्हाई," आसाराम मोठ्यानं म्हणे. पण घोंगडी त्यानं पुन्हा लिंबाखाली पसरली नाही.

फाल्गुनात एका सकाळी रंगुबाई चुलीपुढून उठलीच नाही. अंगात फणफणून ताप. काखेत गाठ.

आसाराम धावत मास्तरांकडे गेला.

"मास्तर, त्या शहरात जिंकलेलं माघारी देता येतं का?"

"आसाराम, ती गोष्ट आहे रे. रिकामा बसलो होतो म्हणून रचली."

"रचली तर रचली. नेम सांगा."

मास्तरांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला. खालीच बघत म्हणाले, "देता येत नाही. फक्त हरता येतं."

भर दुपारी आसारामनं रंगुबाईच्या अंथरुणाशी कवड्या मांडल्या. शेजारची छबूबाई पेज घेऊन दारात उभी होती.

"आवं, काय खूळ हे?" रंगुबाई म्हणाली. ओठ सुकून गेले होते.

"येकच डाव. माझ्याकडची समदी लावली. तू येक लाव."

"आन् मी जिंकले तर?"

"तर ऱ्हाशील."

"आन् तुमी?"

आसारामनं कवड्या अलगद सोडल्या. हरण्यासाठी कशा सोडायच्या ते त्याला ठाऊक होतं. एक उताणी पडली, पाच पालथ्या.

"टाक."

तो उठला, मढीच्या देवाच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि डोळे मिटले. रंगुबाईनं कवड्या टाकल्या. छबूबाईनं मोजल्या, चार उताण्या. तिच्या तोंडून उद्गार फुटणार, तोच रंगुबाईनं तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. मग तापलेला हात त्या चार कवड्यांवर ठेवून एकेक पालथी केली. घाई केली नाही. निवडून खडे बाजूला करावेत तशी.

"हरले बाई," ती म्हणाली.

आसारामनं वळून पाहिलं. सहाच्या सहा पालथ्या.

"परत टाक. रंगे, परत टाक!"

"येकच म्हनला हुता. नेम मोडायचा न्हाई." ती थोडं थांबली. "कडूबाईचं लगीन ऱ्हायलंय. तुमच्याबिगर कोन हाय तिला?"

तिनं कुडाकडे तोंड केलं. छबूबाईनं पेज खाली ठेवली आणि ती बाहेर गेली.

चैत्र सरता सरता गाव घरांत परतलं. वैशाखात कडूबाईचं लग्न झालं, आसारामनं स्वतः कन्यादान केलं. त्यानं दुसरी बायको केली नाही, कवड्यांना हात लावला नाही. शेवगावच्या बाजाराला तो अजून पायीच जातो. मागं निराधारांच्या पगाराच्या कागदावर कचेरीतल्या साहेबानं त्याचं वय वाचलं आणि म्हणाला, "बाबा, हे चुकलंय." आसाराम म्हणाला, "न्हाई साहेब, बराबर हाय," आणि भिंतीला टेकून कागद परत मिळायची वाट बघत बसला.

विष्णुपंत मास्तर बासष्टच्या पावसाळ्यात वारले. छबूबाई एक्क्याऐंशीला गेली, पाहिलेलं तिनं कुणाला सांगितलं तर एकदाच, मरायच्या आठवड्यात, आपल्या लेकीला. कडूबाई दोन हजार तीनच्या दिवाळीत, सत्तरीच्या पुढची होऊन. रंगुबाई चव्वेचाळीस सालीच, होळीच्या दोन दिवस आधी, उन्हं कलता कलता गेली.