आठवा नान

आनारकुलने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि पिठात कोमट दूध ओतलं. समोर गादीवर सोनुनबुबू प्लास्टरमधला उजवा हात उशीवर ठेवून बसली होती. हात मोडला होता, तोंड शाबूत होतं.

"घट्ट मळ. लापशी नाही करायची आपल्याला."

"मळतेय, एजे."

"हात धुतलेस ना?"

"तुमच्यासमोरच धुतले की. दोनदा."

तीन वर्षं भिंतीपलीकडून टोमणे खाऊनही आनारकुलने तिला थोरल्या बहिणीची ही हाक मारायचं सोडलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ती शहरात गेली, नदीत बुडी मारून ईसा मसीहाची होऊन परतली, आणि तेव्हापासून गावात तिच्या हातचं कोणी खात नव्हतं. परतल्यावर तिने पहिला गरम नान सोनुनबुबूलाच दिला होता. म्हातारीने तिच्या डोळ्यांत बघत तो कुत्र्यापुढे टाकला. या गावात रस्त्यात पडलेला तुकडासुद्धा उचलून, कपाळाला लावून भिंतीवर ठेवतात. त्या दिवशी म्हातारीच्या बाजूच्या लोकांनीही माना खाली घातल्या होत्या.

आज गुरुवार. म्हातारीचा मुलगा तालाय गेल्या हिवाळ्यात घाटात ट्रकसकट दरीत गेला. तेव्हापासून दर गुरुवारी ती त्याच्यासाठी सात नान तळायची. तेलाचा वास आणि खाणाऱ्यांची दुवा, एवढंच तर गेलेल्या माणसाला पोचतं. नान तसेच उरले तर तो उपाशी. सोमवारी ती बर्फावरून घसरली. सून मॉस्कोत, आणि गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका पलीकडच्या गावी लग्नाला गेलेल्या, थेट नान खायलाच परतणार. एका हाताने पीठ सांडत म्हातारी रडत असलेली आनारकुलने भिंतीवरून पाहिली आणि बोलावण्याची वाट न बघता उडी मारून आली.

"तुला पाठवलं कोणी?" म्हातारीने आता विचारलं.

"ज्याच्यापायी तुम्ही माझ्याशी बोलत नाही, त्यानेच. शेजाऱ्याचं बघ म्हणतो. शेजारी कसा आहे ते विचारत नाही."

"मोठी आली शहाणी!"

आनारकुलने कणकेवर ओलं फडकं टाकलं. पुढचं बोलायला तिला जड जात होतं.

"एजे, मी लाटीन, चूल पेटवीन. पण तालायच्या नावाने तेलात सोडणार नाही. ते तुम्ही डाव्या हाताने करा."

"का? तेलाने तुझ्या ईसाचे हात भाजतात?"

"मी आता तसं मानत नाही. मग तोंडदेखलं कसं करू? तेही तुमच्या मुलाच्या नावाने?"

म्हातारी आता कडाडणार असं तिला वाटलं. पण सोनुनबुबूने डाव्या हाताने कढई जवळ ओढली.

"तुझ्या त्या प्रार्थनेत," ती म्हणाली, "आमच्या घरातलं कोणी असतं का?"

"तुम्ही असता. रोज. आता हात लवकर सांधू दे म्हणते."

"आणि?"

"आणि जिभेचंही सांगते थोडं."

म्हातारी फसकन हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि तिने डाव्या हाताने रुमालाच्या टोकाला नाक पुसलं.

आनारकुलने सात गोळे केले.

"आणखी एक कर."

"सातच असतात ना?"

"मोजता येतं मला!"

गोवऱ्या पेटल्या, तेल तापलं. म्हातारी डाव्या हाताने एकेक नान सोडत होती आणि प्रत्येक वेळी ओठांतल्या ओठांत मुलाचं नाव घेत होती. आठव्याला मात्र तिने ओठ घट्ट मिटले. दमली असेल, असं आनारकुलला वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावर लग्नाच्या गाडीचा भोंगा वाजला. म्हातारी गडबडली.

"जा तू. भिंतीवरूनच जा. तुझे हात लागलेत हे कळलं तर एक घास कोणी खायचं नाही. माझा पोरगा उपाशी राहील गं."

आनारकुलला ते लागलं, चांगलंच लागलं. पण खोटं काय होतं त्यात?

"मी कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली आणि भिंत चढली.

घरी येऊन ती पीठ न झटकताच चुलीपाशी बसली. शेजारून बायकांचा गलका येत होता. मग तो एकाएकी थांबला. ती डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, त्यांना खाऊ दे. माझ्यासाठी नको, त्या म्हातारीसाठी." शेजारी अजून सगळं चिडीचूप होतं.

बऱ्याच वेळाने फाटक वाजलं. तीन वर्षांत त्या फाटकातून गल्लीतलं कोणी आत आलं नव्हतं. दारात मोल्डोंची, म्हणजे गावच्या मुल्लांची, बायको कान्शाइम उभी होती. तिचा नवरा मशिदीत नमाज पढवायचा. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गरम होतं.

"घे. सोनुन एजेने पाठवलाय. यावर कोणाचं नाव घेतलेलं नाही, तुला चालेल म्हणाली."

आनारकुलने तो आठवा नान दोन्ही हातांत घेतला.

"तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"पहिला तुकडा मोडायच्या आधीच. 'आनारकुलने मळलंय, ज्याला नको असेल त्याने उठावं,' म्हणाली. मोल्डोंची बायको मी. साऱ्याजणी माझ्याच तोंडाकडे बघायला लागल्या."

पुढचं विचारायचा आनारकुलला धीर होईना. कान्शाइम जायला वळली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. तिचे ओठ तेलाने चकाकत होते.

"मीठ कमी पडलं होतं गं," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी जरा सढळ हाताने घाल."